जुना सेटटॉप बॉक्स बदलायचाय? आधी ॲडॉप्टर बघा, डिशला शेवटी हात लावा

गणपतीला गावी गेलो की माझ्या नावाने दोन कामं ठरलेली असतात, मखराची लाइटिंग आणि टीव्ही. यंदा बॅग खाली ठेवायच्या आधीच आईने सांगितलं, "तो बॉक्स बघ रे जरा, मालिका ऐन रंगात आली की अडकतो, मग मी आपली प्लग काढून परत लावत बसते." तो बॉक्स २०११ चा. साधा एसडी, वरची जाळी धुळीने बुजलेली, रिमोटवरचे आकडे पुसून गेलेले, बाबा चाचपून चॅनल लावतात. आणि हे ऐकून शेजारच्या काकी पण आल्या, त्यांचा फ्री डिशचा (दूरदर्शनची फुकट सेवा) बॉक्स त्याहून म्हातारा, "आमच्याकडे येणारे चॅनल कमी कमीच होत चाललेत, बघशील काय?" तीन दिवसांत दोन बॉक्स बदलले, एक पैसेवाल्या डीटीएचचा आणि एक फुकटवाल्याचा, आणि एवढ्यात जे काय कळलं, चुकलं, परत केलं ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या गणपतीत तुमच्यावर वेळ आली तर निदान अर्धा दिवस वाचेल.

पहिली गोष्ट, बॉक्स खरंच गेलाय का ते बघा. बरेच "मेलेले" बॉक्स मेलेले नसतात, त्यांचा ॲडॉप्टर मेलेला असतो. लक्षण अगदी ठरलेलं, लाइट लागते, कंपनीचा लोगो येतो, आणि मग परत पहिल्यापासून सुरू, असं गोल गोल. किंवा सकाळी नीट चालतो आणि तासाभराने तापला की बंद. ॲडॉप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा १२ व्होल्ट आणि पुढे १ किंवा १.५ किंवा २ अँपिअर. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही चालत, आणि पिनचं प्लस मायनसचं चित्र पण तेच पाहिजे. शेजाऱ्याकडून तसला ॲडॉप्टर दहा मिनिटं मागून आणा आणि लावून बघा, बॉक्स सुरळीत चालला तर काम दीड-दोनशे रुपयांत संपलं, पुढचं वाचू पण नका.

दुसरं लक्षण म्हणजे अर्धे चॅनल दिसतात आणि अर्धे "सिग्नल नाही". याला बॉक्स जुना झाला म्हणतात लोक, पण थोडं आतलं सांगतो. डिशच्या तोंडासमोर जो डबा असतो ना, एलएनबी, त्याला बॉक्स त्याच वायरीतून करंट पुरवतो, चॅनल उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हेच्या सिग्नलवर येतात, त्यातल्या उभ्यासाठी १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट. चॅनल बदललं की बॉक्स हे व्होल्टेज खालीवर करतो. आता वायर कुठेतरी कुजली, कनेक्टर गंजला, एलएनबीत पाणी गेलं की १८ चे १८ वरपर्यंत पोचत नाहीत आणि आडव्यावरचे सगळे चॅनल एकदम गायब. म्हणजे दोष वायरीत पण असू शकतो, एलएनबीत पण आणि बॉक्समध्ये पण. ओळखायचं कसं, तर सोपं आहे, आपला बॉक्स उचलून त्याच कंपनीची डिश असलेल्या शेजाऱ्याच्या वायरीला लावायचा. तिथे सगळं दिसलं तर बॉक्स निर्दोष, वर चढायची तयारी करा. तिथेही तेच रडगाणं असेल तर मग बॉक्स बदला.

(मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस दिवसाउजेडी ठरावीक वेळेला पाचदहा मिनिटं सगळंच जातं आणि आपोआप येतं, तेव्हा काही करू नका. सूर्य त्या सॅटेलाइटच्या बरोब्बर मागे येतो आणि डिशला त्याच्या गडबडीत काही ऐकू येत नाही. आमच्याकडे एकदा या दहा मिनिटांसाठी मेकॅनिक बोलावला होता, तो येईपर्यंत टीव्ही चालू झालेला, चहा पिऊन गेला.)

तर आमच्या आईचा बॉक्स शेजारी नेऊन पण अडकत होता. ठरलं, बदलायचा.

आता "जुना" म्हणजे नक्की काय तेही समजून घ्या, कारण दुकानदार या शब्दावर पैसे कमावतो. टीव्हीचं चित्र आकाशातून येताना दाबून बारीक केलेलं असतं, ते उलगडायचं काम बॉक्सचं. दाबायची जुनी पद्धत एमपेग-२, नवी एमपेग-४, नवीत तेवढ्याच जागेत जास्त चॅनल मावतात म्हणून सगळे हळूहळू तिकडे गेले. एमपेग-४ चा बॉक्स जुनं पण उलगडतो, एमपेग-२ च्या बॉक्सला नवं उलगडत नाही. काकींचा घोळ हाच होता. त्यांचा बॉक्स फ्री डिशचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं तेव्हाचा, ती सेवा सुरू झाली डिसेंबर २००४ ला. बॉक्स बिचारा ठणठणीत, फक्त त्याला एमपेग-४ वाले चॅनल दिसतच नाहीत, त्यामुळे एखादं चॅनल जुन्या पद्धतीतून नव्यात गेलं की काकींच्या घरातून ते गेलंच. वर यातले खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात, मुदत संपली की जातात, त्यामुळे यादी हलतीच राहते. आणि एसडी-एचडी ही वेगळीच भानगड आहे, ती फक्त चित्राच्या बारकाईची, तिच्यात आणि एमपेगच्या भांडणात गल्लत करू नका, एसडी बॉक्स पण एमपेग-४ चा असू शकतो.

मग घ्यायचा कुठला. इथे माझं मत स्पष्ट आहे, रिमोट ज्याच्या हातात असतो त्याला विचारून घ्या, पैसे जो भरतो त्याला नाही. मी पुण्याहून निघताना मनात ठरवून आलेलो की आईला अँड्रॉइड बॉक्स द्यायचा, यूट्यूब बघेल, भजनं ऐकेल. गावी इंटरनेटची अवस्था काय तर मोबाइल खिडकीत ठेवला तर एक दांडी. आणि आईला पाहिजे काय, स्टार प्रवाह, झी मराठी आणि सह्याद्रीच्या बातम्या. बाबांना मॅच. एवढ्यासाठी त्याच कंपनीचा साधा एचडी बॉक्स पुष्कळ झाला, मेनू ओळखीचा, नंबर ओळखीचे, डिश तीच.

हे "डिश तीच" फार महत्त्वाचं आहे. कंपनी बदलली की डिशचं तोंड बदलावं लागतं कारण प्रत्येकाचं सॅटेलाइट वेगळ्या जागी उभं आहे. टाटा प्लेचं ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीटूएचचं ८८ ला, फ्री डिशचं ९३.५ ला, डिश टीव्हीचं ९५ ला, एअरटेलचं पार १०८ च्या पुढे. आपल्याकडून म्हणजे कोकण-पुण्याकडून बघितलं तर टाटाची डिश दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधे बघते, फ्री डिशची पक्की आग्नेयेला आणि एअरटेलची त्याहून पूर्वेकडे वळलेली. गावातून फिरताना नुसतं डिशच्या तोंडाकडे बघून कोणाकडे काय आहे ते सांगता येतं, करून बघा. त्यामुळे सध्याच्या कंपनीने फार छळलेलं नसेल तर तिथेच राहून फक्त बॉक्स बदलणं सगळ्यात सोपं. डिश टीव्ही सोडून फ्री डिशवर जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं, दीड अंशाचाच फरक, डिश जराशी सरकवावी लागते.

फ्री डिश कोणी घ्यावं? महिन्याला एक रुपया द्यायचा नाही, डीडी सह्याद्री, बातम्या, जुने सिनेमे, डीडी स्पोर्ट्स एवढ्यावर भागतं त्यांनी जरूर. पण मोठ्या वाहिन्यांवरच्या रोजच्या मराठी मालिका पाहिजेत तर पैसे भरावेच लागतात, हे घरात आधीच बोलून घ्या नाहीतर संध्याकाळी सात वाजता घरात सुतक. क्रिकेटवाल्यांसाठी एक गंमत सांगतो, २००७ च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल दूरदर्शनला द्यावा लागतो, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसेल, खासगी डीटीएच आणि केबलवर नाही. म्हणून काही मॅच काकींच्या फुकटच्या बॉक्सवर दिसतात आणि आमच्या पैसेवाल्यावर त्याच वेळी दूरदर्शन लावलं तर दुसराच कार्यक्रम. बाबा अशा दिवशी खुर्ची घेऊन काकींकडे जातात.

अजून एक, नवा टीव्ही असेल तर बॉक्स घ्यायच्या आधी टीव्हीची पाठ बघा. बऱ्याच नव्या टीव्हीत सॅटेलाइटचा ट्यूनर आतच असतो, मागे आट्यांचं भोक आणि शेजारी सॅटेलाइट असं लिहिलेलं. माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ सापडलं तर फ्री डिशची वायर सरळ टीव्हीला लावून शोधता येते, बॉक्सही नको आणि दुसरा रिमोटही नको. पैसेवाल्या कंपन्यांचं असं होत नाही, त्यांना त्यांचा बॉक्सच लागतो कारण चॅनलला कुलूप असतं.

कंपनीकडून बॉक्स अपग्रेड करताना फोन तुम्ही करायचा, त्यांच्या ॲपवर किंवा बॉक्सवर छापलेल्या नंबरवर. "तुमचा बॉक्स जुना झालाय, आज रात्री बंद होईल, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या, बॉक्स बदलायला बँकेचा ओटीपी लागत नाही. फोन करताना ग्राहक नंबर हाताशी ठेवा, टीव्हीवर मेनूत दिसतो किंवा बॉक्सखालच्या स्टिकरवर. आणि चार प्रश्न न लाजता विचारा: बॉक्सचे किती आणि माणूस येण्याचे वेगळे किती, शिल्लक पैसे नव्या बॉक्सवर येणार का, पॅक आहे तोच राहणार का, आणि जुना बॉक्स परत द्यायचा का. यातला तिसरा सगळ्यात मोलाचा, कारण एचडी बॉक्स आला की हळूच एचडी पॅक गळ्यात मारतात. एचडी बॉक्स घेतला म्हणून चित्र एचडी होत नाही, एचडी चॅनल वेगळे घ्यावे लागतात, त्यांचे पैसे वेगळे, वर नेटवर्कची फी आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. आईसाठी आम्ही दोनच चॅनल एचडीत घेतले, बाकी होते तसे साधे. बत्तीस इंची टीव्हीवर बातम्या एसडीत काय वाईट दिसत नाहीत.

आमच्याकडे आलेला मुलगा दारातूनच म्हणाला, डिश गंजलीय, वायर गेलीय, सगळंच नवीन घालावं लागेल, आणि आकडा सांगितला तो नव्या कनेक्शनचाच होता. मी म्हटलं आधी नुसता बॉक्स लाव, सिग्नल दाखव, मग बोलू. लावला, क्वालिटी हिरवी, तो गप्प. काठाला थोडा तांबूस गंज असला म्हणजे डिश गेली असं नसतं, पत्र्याला भोकं पडली, पोचा पडून आकार बिघडला किंवा खांब हलायला लागला तर गेली. हे ज्याला माहीत नसतं तो पैसे देऊन मोकळा होतो, गावात आईबाबा एकटे असले की हे सर्रास चालतं, म्हणून म्हणतो फोनवर तरी हजर राहा.

मुलगा येणार नसेल किंवा बॉक्स कुरिअरने आलाय तर स्वतः पण लावता येतो, त्यात काही रॉकेट नाही. जुना काढायच्या आधी मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. मग भिंतीचं बटण बंद करा, नुसता रिमोटने बंद नको, पिनच काढा, कारण मघाशी म्हटलं तसं त्या जाड काळ्या वायरीत करंट असतो आणि चालू बॉक्सवर ती फिरवून काढताना-लावताना आतली तार बाहेरच्या कडीला टेकली की शॉर्ट, नवा बॉक्स पहिल्याच दिवशी गेला. वायर हातानेच सोडवा, पक्कड लावावी लागली तर बॉक्सचं भोक दुसऱ्या हाताने धरून, नाहीतर ते मुळासकट फिरतं.

आता ते टोक नीट बघा, अगदी चष्मा लावून. मधली तार लालसर चकचकीत पाहिजे. आमची काळीहिरवी झालेली. स्वस्त वायरीत ती तार पूर्ण तांब्याची नसते, लोखंडावर तांब्याचा मुलामा असतो, तो उडाला की समुद्राच्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. अशा वेळी दहा सेंटिमीटर वायर कापून टाका आणि नवीन कनेक्टर घाला, पाच-दहा रुपयाला मिळतो, आरजी-६ चा मागा. वरचं काळं साल दीडेक सेंटिमीटर ब्लेडने सोला, खाली बारीक तारांची जाळी दिसेल, ती मागे सालावर दुमडा, एक पण तार पुढे राहू देऊ नका. मग चांदी कागद आणि पांढरा फोम, पुढचा एक सेंटिमीटर दोन्ही कापून मधली तार मोकळी करा, पण ब्लेड तारेवर दाबू नका, चीर पडली की वाकवल्यावर तुटते. आता कनेक्टर दाबून फिरवत बसवा, आत डोकावलं की पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी सपाट आलेला दिसला पाहिजे, आणि मधली तार कडीच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे. कमी असेल तर टेकत नाही, जास्त असेल तर आतला सॉकेट बिघडवते. मी पहिल्यांदा केला तेव्हा जाळीचा एक केसाएवढा तुकडा मधल्या तारेला चिकटलेला आणि बॉक्सवर एलएनबी शॉर्टचा मेसेज, मला वाटलं नवा बॉक्सच खराब आला. टॉर्च मारून बघा राव, अर्धा तास वाचतो.

टीव्हीकडे एचडीएमआय असेल तर बॉक्ससोबत येणारी वायर लावा, टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून ज्या भोकात लावली तोच नंबर निवडा, झालं. जुन्या एलसीडीवर कधी कधी "फॉरमॅट चालत नाही" असं काहीतरी येऊन काळोख होतो, तेव्हा आधी एव्ही (लाल-पांढऱ्या-पिवळ्या) वायरीने चित्र आणा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ७२० वर आणा आणि मग एचडीएमआय लावा. माणसं जाडी आणि बुटकी दिसतात का? ते मालिकेचं नाही, ॲस्पेक्ट रेशोचं काम आहे, जुने ४:३ चे कार्यक्रम १६:९ च्या पडद्यावर ताणले जातात. पण एक इशारा, बाबांना सवयीने ताणलेलंच आवडतं, बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की म्हणतात टीव्ही बारीक झाला. मी परत ताणून ठेवलं.

काकींकडे मात्र डबडा टीव्ही, पिक्चर ट्यूबचा, मागे फक्त लाल पांढरी पिवळी तीन भोकं. म्हणून बॉक्स घेताना दुकानात उलटा करून बघा, एव्ही आउट आहे ना. हल्लीच्या बारक्या बॉक्समध्ये तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच गोल भोक असतं आणि एक टोक गोल, दुसऱ्या टोकाला तीन पिना अशी वायर येते. तीच वायर वापरा, घरातली दुसऱ्या कुठल्या बॉक्सची तसलीच दिसणारी वापरू नका, कारण आतल्या जोडण्यांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. मी घाईत जुनी पडलेली लावली तर चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसता गुंईईई आवाज, काकी देवाचं नाव घ्यायला लागल्या. असं झालं तर घाबरू नका, टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल पिन घालून बघा, मग पांढरी, बहुतेक वेळा चित्र सापडतं. आणि चित्र आलं पण ब्लॅक अँड व्हाइट आलं तर बॉक्सच्या मेनूत रंगाची पद्धत एनटीएससी (NTSC) ठेवलेली असते, ती पाल (PAL) करा, रंग परत.

फ्री डिशचा बॉक्स देवरुखच्या बाजारातून साडेअकराशेला आणला, एमपेग-४, बिल घेऊन, वर्षाची वॉरंटी लिहून घेतली. तो घरी लावला की आपोआप काही दिसत नाही, शोधायला लावावं लागतं. मेनूत इन्स्टॉलेशन किंवा डिश सेटिंग असतं, पासवर्ड विचारला तर बहुतेक वेळा चार शून्य. सॅटेलाइटच्या यादीत जीसॅट-१५, ९३.५ पूर्व निवडा, एलएनबी युनिव्हर्सल म्हणजे ९७५०-१०६००, आणि फ्रिक्वेन्सीत ११०९० व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५०० असलेली ओळ धरा. खाली दोन पट्ट्या दिसतील. वरची स्ट्रेंग्थ, खालची क्वालिटी, आणि सगळी गोम या दोघींत आहे. स्ट्रेंग्थ आली म्हणजे वायर आणि एलएनबी जोडलेले आहेत, बास, एवढंच. डिश ढगाकडे बघत असली तरी स्ट्रेंग्थ येते. क्वालिटी आली तरच डिश बरोबर सॅटेलाइटकडे बघतेय. स्ट्रेंग्थ पण शून्य असेल तर लगेच वर चढू नका, दोष आधी खाली कनेक्टरमध्ये शोधा. काकींकडे दोन्ही मस्त आल्या, ऑटो स्कॅन दिलं, आणि खोक्यातून चॅनल पडायला लागले तसे काकी मोजत बसल्या. चॅनल पुढे मागे होतात त्यामुळे हे स्कॅन वर्षातून एकदोनदा परत करा, विशेषतः कोणी म्हणालं अमुक चॅनल आलंय आणि तुमच्याकडे नाही तर.

आता वर चढायचंच असेल तर. पावसात कौलावर, स्लॅबवर शेवाळ असतं, एकट्याने चढू नका, पाऊस असेल तर चढूच नका, एक दिवस टीव्ही नसला तर काही बिघडत नाही. वर गेल्यावर पहिलं डिशच्या समोर बघा, डिशच्या मागे नाही. आमच्या आईच्या तक्रारीतला निम्मा भाग तिथे सापडला: २०११ ला डिश लावली तेव्हा आंब्याची जी फांदी खांद्याएवढी होती ती आता डिशच्या थेट तोंडावर, वारा आला की पानं हलायची आणि चित्र फुटायचं. फांदी छाटली, क्वालिटी लगेच वाढली. मग एलएनबीचं तोंड, तिथे पांढरं प्लास्टिकचं झाकण असतं, उन्हाने तडकलं की पाणी आत. किंवा कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं, ते काडीने काढा, तारेने नको.

डिश हलवायची वेळ आलीच तर नट सैल करायच्या आधी पर्मनंट मार्करने खांबावर आणि पट्टीवर एक सलग रेघ मारा, म्हणजे बिघडलं तर मूळ जागेवर परत येता येतं. ही रेघ न मारता मी एकदा एक अख्खी दुपार घालवलीय. मग खाली एक माणूस टीव्हीसमोर, फोन चालू, आणि वर तुम्ही डिश अगदी नखभर हलवायची, दोनतीन सेकंद थांबायचं कारण बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो, मग परत नखभर. आधी डावी-उजवी, सापडलं की वर-खाली, शेवटी एलएनबी स्वतःभोवती थोडा फिरवून क्वालिटी अजून वाढते का बघायचं. नट आवळताना पण डिश सरकते, आवळत असताना आकडा ऐकत राहा. आणि खाली येताना वायर घरात शिरते तिथे तिला खाली एक झोका द्या, पाणी त्या झोक्यावरून टपकतं, नाहीतर वायरीवरून घरंगळत थेट बॉक्समध्ये.

दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील तर लोक वायरीला साधा दोन-फाटी तुकडा लावतात आणि मग भांडतात. एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८, एलएनबी कोणाचं ऐकणार? दोन आउटपुटवाला एलएनबी घ्या आणि दुसरी वायर स्वतंत्र टाका.

वळवाच्या दिवसांत वीज कडकडायला लागली की प्लग तर काढाच पण डिशची वायर पण सोडवून बॉक्सपासून लांब ठेवा. नुसता प्लग काढून उपयोग नाही, वीज वायरीने पण येते, आमच्या वाडीत एका पावसात चार बॉक्स असेच गेलेत.

बॉक्स लागला, चित्र आलं, तरी अर्ध्या दिवसाचं काम उरतंच ते म्हणजे रिमोट. नव्या रिमोटवर चाळीस बटणं, आईला लागतात पाच. मी फेव्हरिटमध्ये आईचे आठ चॅनल टाकले, रिमोटवरचं ते बटण लाल नेलपॉलिशने रंगवलं, आणि ज्या बटणाने टीव्हीचा सोर्स बदलतो त्याच्यावर चिकटपट्टी लावली, कारण "सिग्नल नाही" च्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. मोठ्या अक्षरात एक कागद टीव्हीशेजारी: आधी टीव्ही, मग बॉक्स, अडकलं तर भिंतीचं बटण बंद करून वीस मोजायचे. बाबांनी त्याखाली पेनने लिहिलंय, "तरी नाही आलं तर मुलाला फोन."

जुना बॉक्स कंपनीचा असेल तर परत देताना पावती घ्या. स्वतःचा असेल तर कचराकुंडीत नको, शहरात ई-कचरा घेणारे आहेत त्यांच्याकडे द्या, मी येताना गाडीत टाकून पुण्याला आणला. ॲडॉप्टर मात्र चांगला असेल तर काढून ठेवा, बरेच वायफाय राउटर त्याच १२ व्होल्टवर चालतात, पिन आणि अँपिअर जुळले की झालं. आणि काकींच्या मागच्या अंगणात कधीकाळची एक मोडकी डिश पडलेली, ती मी भंगारात घालायला उचलली तर हातातून काढून घेतली त्यांनी, उन्हाळ्यात तिच्यात कोकमं वाळवतात.